ॲस्टरिस्क : कार्यालयाचे टेलिफोन एक्स्चेंज स्वतः चालवायचे म्हणजे काय

मध्यम आकाराच्या बहुतेक कार्यालयांत, कारखान्यांत आणि रुग्णालयांत स्वागतकक्षाच्या मागे किंवा जिन्याखाली भिंतीवर एक पेटी टांगलेली असते. तिला सगळे ईपीएबीएक्स म्हणतात. टेलिफोन कंपनीच्या चार-सहा लाइन बाहेरून तिच्यात येतात आणि तिच्यातून निघालेल्या तारा तीस-चाळीस टेबलांवरच्या फोनपर्यंत जातात. आतल्या आत एक्स्टेंशन फिरवून विनाशुल्क बोलता यावे, बाहेरून आलेला कॉल योग्य माणसापर्यंत पोहोचावा आणि मोजक्या लाइन अनेकांना वाटून वापरता याव्यात, एवढ्यासाठी ती पेटी असते. तिच्यात काय करता येईल आणि काय नाही, हे मात्र उत्पादकाने आधीच ठरवून टाकलेले असते. एक्स्टेंशन वाढवायची तर त्याच कंपनीचे कार्ड विकत घ्यावे लागते, कॉल रेकॉर्ड करायचे तर वेगळे उपकरण जोडावे लागते आणि एखादी व्यक्ती दुसऱ्या खोलीत बसायला गेली तरी तिचा नंबर हलवण्यासाठी देखभाल करणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते.

ही सगळी कामे एका साध्या संगणकावर चालणारा प्रोग्राम करू शकतो. असे अनेक प्रोग्राम असून त्यांपैकी काहींचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यांतला सर्वांत परिचित असलेला ॲस्टरिस्क येथे विचारात घेतला आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. या सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत हे खरे आहे; परंतु पेटी विकणाऱ्या कंपनीने आजवर उचललेली जबाबदारी ते बसवणाऱ्याच्या खांद्यावर येते. ती कोण आणि कशी निभावणार, याचे उत्तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना तो महागात पडतो.

ॲस्टरिस्कची सुरुवात १९९९ साली अमेरिकेत झाली. अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठात शिकणाऱ्या मार्क स्पेन्सर यांनी लिनक्स ही खुली संगणक प्रणाली वापरणाऱ्यांना तांत्रिक मदत देणारी एक छोटी कंपनी काढली होती. ग्राहकांचे फोन घेण्यासाठी त्यांना एक्स्चेंजची गरज होती आणि बाजारातील एक्स्चेंजची किंमत त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहायला घेतले. त्याच सुमारास जिम डिक्सन हे तंत्रज्ञ दुसऱ्या बाजूने याच प्रश्नाला भिडले होते. टेलिफोन कार्डांवर आवाजावरील प्रक्रियेसाठी वेगळी महागडी चिप बसवण्याची तेव्हा पद्धत होती. साध्या संगणकाचा प्रोसेसर आता इतका वेगवान झाला आहे की ते काम तोच करू शकेल, असे डिक्सन यांचे म्हणणे होते. त्यांनी असे एक स्वस्त कार्ड तयार करून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि मेक्सिकोतील क्रांतिकारक एमिलियानो सपाटा यांच्या नावावरून आपल्या प्रकल्पाला सपाटा टेलिफोनी हे नाव दिले. स्पेन्सर यांचा प्रोग्राम आणि डिक्सन यांचे कार्ड एकत्र आले तेव्हा संगणकाला खऱ्या टेलिफोन लाइन जोडता येऊ लागल्या. स्पेन्सर यांच्या कंपनीचे नाव पुढे डिजियम झाले. ती सॉफ्टवेअर मोफत देत असे आणि कार्डे विकून चालत असे. ॲस्टरिस्कची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१८ मध्ये कॅनडातील सँगोमा या कंपनीने डिजियम विकत घेतली. प्रकल्प जनरल पब्लिक लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आजही खुला आहे. एखादी कंपनी विकली गेली तरी आधी खुला झालेला कोड परत घेता येत नाही, आणि व्यवसायाच्या दृष्टीने हे संरक्षण परवाना शुल्कातील बचतीपेक्षा मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

आवाज तारेतून न जाता पाकिटांतून कसा जातो

इंटरनेटवरील फोनमध्ये दोन स्वतंत्र प्रवाह असतात, आणि त्यांतला फरक लक्षात आला की या विषयातील निम्म्या अडचणी समजतात. पहिला प्रवाह संकेतांचा. कोण कोणाला बोलावतो आहे, समोर रिंग वाजते आहे का, फोन उचलला का, ठेवला का, हे सांगण्यासाठी एसआयपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपापसात बोलण्याचा नियमसंच, वापरतात. त्याचे पहिले प्रमाणित रूप १९९९ मध्ये आणि आज वापरात असलेले रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील संदेश वाचता येतील अशा साध्या मजकुराचे असतात : एक फोन ‘इन्व्हाइट’ पाठवतो, दुसरीकडून १८० क्रमांकाचे उत्तर येते तेव्हा रिंग वाजत असते, २०० क्रमांकाचे उत्तर आले की फोन उचललेला असतो आणि ‘बाय’ आला की संभाषण संपते. दुसरा प्रवाह प्रत्यक्ष आवाजाचा. तो आरटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून) आणि बऱ्याचदा वेगळ्या मार्गानेही जातो. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरांची गाठ घालून देतो, पण पुढचा संसार त्याच्यामार्फत चालत नाही. एसआयपी आणि आवाज यांचे नाते साधारण तसे आहे. ॲस्टरिस्क मात्र सहसा आवाजाच्या मार्गातही स्वतः बसून राहतो, कारण कॉल रेकॉर्ड करणे, होल्डवर संगीत ऐकवणे किंवा तिसऱ्या व्यक्तीला संभाषणात घेणे ही कामे त्याशिवाय होत नाहीत.

आवाजाचे पाकीट कसे तयार होते याचे गणित सोपे आहे. टेलिफोन जगतात जी.७११ नावाची जुनी पद्धत रूढ आहे. तिच्यात आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. इंटरनेटवर पाठवताना या प्रवाहाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यात १६० बाइट आवाज असतो आणि त्यावर पत्ता, क्रमांक वगैरे लिहिलेले ४० बाइटांचे वेष्टन चढते. सेकंदाला अशी ५० पाकिटे जातात, त्यामुळे एका कॉलला एका दिशेने सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद एवढी जागा लागते. जी.७२९ या पद्धतीत आवाज फक्त ८ किलोबिटांत बसतो, परंतु वेष्टन तेवढेच राहत असल्याने प्रत्यक्षात २४ किलोबिट लागतात आणि त्यांपैकी दोन तृतीयांश भाग नुसत्या वेष्टनाचा असतो. एकाच वेळी दहा कॉल चालू असले तरी जी.७११ने प्रत्येक दिशेला एक मेगाबिटपेक्षा कमी जागा पुरते. आजच्या कोणत्याही फायबर जोडणीला हे अगदी किरकोळ आहे.

मग आवाज का तुटतो? जागा पुरेशी असली तरी पाकिटे वेळेवर आणि समान अंतराने पोहोचत नाहीत, म्हणून. कोणीतरी मोठी फाइल चढवायला घेतली की राउटरमध्ये त्या फाइलच्या पाकिटांची रांग लागते आणि आवाजाची पाकिटे त्या रांगेत अडकतात. ई-मेलला अर्धा सेकंद उशीर झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. संभाषणात मात्र एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याहून बराच जास्त विलंब झाला की दोन्ही माणसे एकमेकांच्या बोलण्यात शिरू लागतात. यावरचा उपाय राउटर आणि स्विच यांत आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम देण्याचा आहे. इंटरनेटचा वेग वाढवत राहिल्याने हा दोष आपोआप जात नाही. भाड्याच्या सर्व्हरवर ॲस्टरिस्क ठेवायचा असल्यास तो कोठे आहे हेही पाहावे लागते. सर्व्हर अमेरिकेत असेल तर भारतातून तेथवर आणि परत येण्याचा प्रवास सहज २०० मिलिसेकंदांच्या वर जातो. नाशिकच्या टेबलावरून निघालेला आवाज आधी तेथे जाऊन मग मुंबईतील टेलिफोन कंपनीकडे येणार असेल, तर १५० मिलिसेकंदांची मर्यादा ग्राहकाने नमस्कार म्हणण्याआधीच ओलांडलेली असते.

बाहेरच्या लाइन किती घ्याव्यात

एक्स्चेंज प्रोग्राम असला तरी बाहेरच्या जगाशी जोडणी लागतेच. तिचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला प्रकार साध्या तांब्याच्या लाइनचा. त्या जोडण्यासाठी गेटवे नावाचे छोटे उपकरण लागते आणि त्यावर दोन प्रकारची भोके असतात : एफएक्सओ भोकात टेलिफोन कंपनीची लाइन जाते, तर एफएक्सएस भोक स्वतः डायल टोन देते आणि त्यात जुना साधा फोन जोडता येतो. हे उलटसुलट जोडल्यामुळे गेटवे खराब झाल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. दुसरा प्रकार पीआरआयचा. यात एकाच जोडणीवर ३० संभाषणे चालतात आणि भारतातील मोठ्या कार्यालयांत तो बराच काळ रूढ होता. तिसरा एसआयपी ट्रंकचा, ज्यात टेलिफोन कंपनी कॉल थेट डेटा जोडणीवर पाकिटांच्या रूपातच देते. नवीन मांडणी करणाऱ्याने सोय असेल तेथे हाच प्रकार घ्यावा, कारण लाइन वाढवणे किंवा कमी करणे हे त्यात तारा न ओढता होते.

लाइन किती घ्याव्यात हा प्रश्न विक्रेत्यावर सोपवू नये. तो कागदावर सुटतो. डेन्मार्कचे गणिती आग्नर क्रारूप एरलांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत असताना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी यासाठी जे सूत्र मांडले, तेच आजही वापरतात. समजा, तीस माणसांच्या कार्यालयात सर्वांत गर्दीच्या तासात बाहेरचे ३० कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो. एकूण ९० मिनिटांचे बोलणे ६० मिनिटांच्या तासात बसवायचे, म्हणजे भार, त्यांच्याच नावाच्या एककात, दीड एरलांग झाला. दोन लाइनमध्ये हे भागेल असे वरवर वाटते. परंतु कॉल एकामागून एक शिस्तीत येत नाहीत, म्हणून दोन लाइनवर शंभरांपैकी सुमारे ३१ कॉल व्यग्र लाइनवर आपटतील. तीन लाइनवर हे प्रमाण १३, चार लाइनवर ५ आणि पाच लाइनवर दीडच्या आत येते. सहा लाइन घेतल्या तर हजारांत तीन-चार कॉलच अडतात. थोडक्यात, या कार्यालयाला सहा वाहिन्या पुरेशा आहेत. मात्र हे सूत्र कॉल लाइनच्या मुखाशीच अडण्याचे आहे. ग्राहकांना रांगेत थांबवून ठेवायचे असेल तर थांबलेला प्रत्येक माणूसही एक वाहिनी अडवतो आणि हिशेब वेगळा करावा लागतो.

कॉलने कोणत्या वाटेने जावे

ॲस्टरिस्कचा गाभा म्हणजे डायलप्लॅन, अर्थात कॉल आल्यावर काय करायचे याची क्रमवार लिहिलेली सूचनावली. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. कॉल आला की वेळ पाहा. सकाळी दहा ते सायंकाळी सहा असेल तर स्वागतकक्षाचा फोन वीस सेकंद वाजवा. कोणी उचलला नाही तर हिशेब विभागातील दोन्ही फोन एकदम वाजवा. तेथेही उत्तर नसेल तर निरोप रेकॉर्ड करून घ्या आणि तो ई-मेलने पाठवा. कार्यालय बंद असेल तर सुरक्षारक्षकाच्या मोबाइलवर कॉल वळवा. अशा प्रत्येक पायरीसाठी एक ओळ लिहायची. पेटीच्या ईपीएबीएक्सला यातले काही जमत असे आणि काही नसे. येथे मर्यादा फक्त लिहिणाऱ्याच्या कल्पकतेची असते. कॉल आल्याबरोबर ग्राहकाचा नंबर कंपनीच्या डेटाबेसमध्ये शोधून त्याची थकबाकी पडद्यावर दाखवणे किंवा त्याच्या नेहमीच्या प्रतिनिधीकडे कॉल पाठवणे, हे बाहेरच्या कोणत्याही प्रोग्रामशी बोलण्याची ॲस्टरिस्कमध्ये सोय असल्यामुळे शक्य होते. खुल्या एक्स्चेंजची खरी ताकद मला येथे दिसते. फोनचे बिल वाचवण्यासाठीच कोणी इकडे वळत असेल, तर भारतातील आजच्या दरांत ती बचत फार मोठी नसते.

फाइल हाताने लिहिण्याची तयारी नसेल तर फ्रीपीबीएक्स हा वेब पानांवरून चालणारा व्यवस्थापक वापरतात. फॉर्म भरला की तोच डायलप्लॅन लिहून देतो. त्याचा गाभा खुला असला तरी काही जोड मॉड्यूल विकत घ्यावी लागतात, हे बसवण्यापूर्वी पाहून घ्यावे. इलास्टिक्स या जुन्या वितरणाचा (ॲस्टरिस्कसह तयार मिळणाऱ्या संचाचा) खुला वारसा पुढे चालवणारे इसाबेल हेही याच वर्गातले. फ्रीस्विच हा ॲस्टरिस्कला पर्याय असलेला खुला प्रकल्प अँथनी मिनेसेल यांनी सुरू केला. त्यांनी आधी ॲस्टरिस्कसाठी काम केले होते आणि त्याची अंतर्गत रचना मोठ्या भाराला अपुरी आहे असे वाटल्याने त्यांनी नव्याने मांडणी केली. ऑनलाइन वर्गांसाठी वापरल्या जाणाऱ्या बिगब्लूबटनमधील आवाज फ्रीस्विचच सांभाळतो. कॅमायलिओ मुळात एक्स्चेंजच नाही. आवाजाला हात न लावता हजारो फोनचे संकेत वाटून देणारा तो मार्गदर्शक आहे, आणि पन्नास एक्स्टेंशनच्या कार्यालयाला त्याची गरज पडत नाही.

आवाजी सूचना मराठीत देण्याचा प्रश्न महाराष्ट्रातील व्यवसायांना लवकरच भेडसावतो. ॲस्टरिस्कबरोबर येणाऱ्या इंग्रजी सूचना ॲलिसन स्मिथ या कॅनेडियन निवेदिकेच्या आवाजात आहेत. अधिकृत संचात मराठी नाही. ‘विक्रीसाठी एक दाबा’ असली वाक्ये रेकॉर्ड करणे सोपे आहे. संख्या उच्चारणे मात्र तसे नाही. इंग्रजीत शून्य ते एकोणीसच्या २० फाइल आणि वीस, तीस अशा दशकांच्या ८ फाइल असल्या की नव्व्याण्णवपर्यंतची कोणतीही संख्या जोडून बोलता येते. मराठीत एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न यांना असे जोडकाम चालत नाही, म्हणून शून्य ते नव्व्याण्णव या सर्व १०० संख्या वेगवेगळ्या रेकॉर्ड कराव्या लागतात. शिवाय इंग्रजी नियम हजारानंतर थेट दशलक्षावर उडी मारतो; लाख आणि कोटी त्याला ठाऊक नसतात. ‘आपली शिल्लक सव्वा लाख रुपये’ असे एक्स्चेंजने सांगावे ही अपेक्षा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावे लागतील आणि फाइल ८,००० हर्ट्झच्या एकमार्गी (मोनो) आवाजात ठेवाव्या लागतील. एखाद्या पतसंस्थेला हे काम एकदाच करून वर्षानुवर्षे वापरता येते.

कायदा कोठे आडवा येतो

भारतात कार्यालयाच्या आत कोणते एक्स्चेंज सॉफ्टवेअर वापरावे यावर बंधन नाही. बंधन आहे ते सार्वजनिक टेलिफोन जाळ्याशी जोडणी कशी केली जाते यावर. मोबाइल किंवा लँडलाइनवर कॉल उतरवण्याचा अधिकार परवानाधारक कंपनीलाच असतो, त्यामुळे ट्रंक अशाच कंपनीकडून घ्यावा लागतो. परदेशातील एखाद्या स्वस्त सेवेतून इंटरनेटवर आलेले कॉल आपल्या गेटवेमधील सिम कार्डांतून स्थानिक कॉल म्हणून बाहेर सोडणे हा सरळ गुन्हा आहे. अशा बेकायदा एक्स्चेंजवर महाराष्ट्रातही दहशतवादविरोधी पथकाने छापे घातले आहेत. पुणे आणि नागपूर येथील आपल्याच दोन शाखांनी आपापसात एक्स्टेंशनवरून बोलणे वेगळे, आणि नागपूरचा कॉल खासगी जोडणीवरून पुण्यात आणून तेथील लाइनवरून बाहेर सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची मांडणी करण्याआधी टेलिफोन कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. कॉल सेंटरसारख्या सेवांवरील नोंदणीची अट दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल केले. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय एक्स्चेंजशी जोडणे त्यामुळे खूपच सोपे झाले आहे. जाहिरातीचे कॉल मात्र दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमावलीखाली नोंदणी करूनच करता येतात. ॲस्टरिस्कवर आपोआप नंबर फिरवणारा डायलर बसवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे.

नित्याच्या तीन तक्रारी

नवीन बसवलेल्या एक्स्चेंजवर हमखास येणारी पहिली तक्रार म्हणजे आवाज एकाच बाजूने ऐकू येतो. कारण वर सांगितलेल्या दोन प्रवाहांत आहे. कार्यालयातील फोनला १९२.१६८ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो आणि तो पत्ता एसआयपी संदेशात ‘आवाज येथे पाठवा’ म्हणून लिहिला जातो. संकेत राउटरमधून नीट जातात, रिंग वाजते, फोन उचललाही जातो. पण समोरचा सर्व्हर आवाज त्या खासगी पत्त्यावर पाठवू लागतो आणि बाहेरच्या जगात असा पत्ता कोठेच नसल्याने तो हरवतो. ॲस्टरिस्कला आपला सार्वजनिक पत्ता आणि अंतर्गत जाळ्याची हद्द सांगितली, तसेच आवाजासाठी लागणारे पोर्ट उघडले, की हा प्रश्न बहुधा मिटतो. अनेक घरगुती राउटरांत एसआयपी एएलजी नावाची सोय आधीच चालू असते. तिचा हेतू मदतीचा असला तरी ती संदेशांत अर्धवट फेरफार करते, म्हणून ती बंद करावी.

दुसरी तक्रार विजेची. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट मिळत असत, त्यामुळे वीज गेली तरी फोन चालू राहायचा. आयपी फोनला वीज लागते, त्याच्या स्विचला लागते, राउटरला लागते आणि फायबरच्या पेटीलाही लागते. यांपैकी एक बंद पडले तरी सगळे मुके. फोनला डेटा केबलमधूनच वीज पुरवणारा स्विच घेऊन तो स्विच, राउटर, फायबरची पेटी आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर ठेवणे ही आपल्याकडे चैन नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तर निदान एक साधी लँडलाइन सुरक्षेसाठी वेगळी ठेवावी.

तिसरी बाब तक्रार म्हणून येते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. इंटरनेटवर ५०६० क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवला की काही वेळातच अनोळखी पत्त्यांवरून चाचपणी सुरू होते; स्वयंचलित प्रोग्राम १००, १०१, १०२ अशी एक्स्टेंशन आणि त्यांचे सोपे पासवर्ड दिवसरात्र तपासत असतात. एकशे एकचा पासवर्डही १०१ असेल तर हल्लेखोर त्या एक्स्टेंशनवर नोंदणी करतो आणि शनिवारी रात्री परदेशातील महागड्या नंबरांवर कॉल सोडत बसतो. त्या नंबरांच्या उत्पन्नात त्याचा वाटा असतो आणि बिल आपल्या नावे निघते. फ्रीपीबीएक्सच्या एका मॉड्यूलमधील गंभीर त्रुटीचा ऑगस्ट २०२५ मध्ये असाच गैरवापर झाला. ज्यांचे व्यवस्थापनाचे पान थेट इंटरनेटवर उघडे होते अशा सर्व्हरांत हल्लेखोर पासवर्डशिवाय शिरले आणि तातडीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. ते पान कधीही बाहेर उघडे ठेवू नये. ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांखेरीज इतरांना फायरवॉलने अडवावे, बाहेरगावच्या कर्मचाऱ्यांना व्हीपीएनमधून (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी मार्गातून) आत घ्यावे, आंतरराष्ट्रीय कॉल गरज नसलेल्या सर्वांसाठी बंद करावेत आणि टेलिफोन कंपनीकडे मासिक खर्चाची मर्यादा लावून घ्यावी. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून गेलेला दिसतो.

संकेत आणि आवाज हे दोन्ही मूळ स्वरूपात उघडे जातात, त्यामुळे जाळ्यात शिरलेला कोणीही संभाषण ऐकू शकतो. ते कूटबद्ध करण्याची, म्हणजे इतरांना उलगडणार नाही असे करण्याची, सोय ॲस्टरिस्कमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. कॉल रेकॉर्ड करत असाल तर साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे एक मेगाबाइट लागतो. डिस्कची चिंता फारशी नाही. रेकॉर्डिंग कोणी ऐकायचे आणि किती दिवसांनी पुसायचे हे मात्र लिहून ठरवावे, कारण वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा अशा नोंदींनाही लागू होतो.

बसवावे कोणी आणि कसे

दहा-बारा एक्स्टेंशनच्या दुकानाला, जिथे संगणक सांभाळायला कायमचा माणूस नाही, मी ॲस्टरिस्क सुचवणार नाही. एखाद्या परवानाधारक कंपनीची मासिक शुल्काची क्लाउड सेवा त्यांना स्वस्त पडेल. ज्या संस्थेकडे लिनक्स जाणणारा निदान एक माणूस आणि त्याच्या रजेच्या काळात काम पाहणारा दुसरा माणूस आहे, अनेक शाखा आहेत किंवा फोन स्वतःच्या सॉफ्टवेअरशी जोडायचा आहे, तिला हा मार्ग लाभदायक आहे. सर्व्हर फार मोठा लागत नाही. पन्नास एक्स्टेंशनला जुना पण भरवशाचा संगणकही चालतो. आवृत्ती निवडताना दीर्घ मुदतीच्या आधाराची घ्यावी. अलीकडे सम क्रमांकाच्या आवृत्त्या तशा असतात आणि त्यांना साधारण चार वर्षे दुरुस्त्या व पाचव्या वर्षी केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. इंटरनेटवरील जुनी मार्गदर्शने पाहून काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : त्यांत वापरलेला चॅन-एसआयपी हा एसआयपी फोन जोडणारा भाग २१व्या आवृत्तीपासून काढून टाकलेला आहे आणि त्याच्या जागी पीजेसिप वापरावा लागतो.

जुनी पेटी एका दिवसात उखडू नये. आधी तिच्याच दोन लाइन गेटवेमार्फत ॲस्टरिस्कला जोडून एका विभागाचे फोन नव्या व्यवस्थेवर न्यावेत आणि महिनाअखेरची गर्दी त्यावर काढून पाहावी. कारखान्यातील जुने फोन व तांब्याच्या तारा चांगल्या असतील तर त्या टाकून न देता एफएक्सएस गेटवेला जोडाव्यात. यंत्रांच्या धुळीत साधा फोन आयपी फोनपेक्षा जास्त टिकतो. लिफ्टमधील फोन, फॅक्स आणि धोक्याची घंटा यांच्या लाइन शोधून यादीत लिहाव्यात, कारण त्या कोणाच्या टेबलावर नसल्यामुळे विसरल्या जातात. जाहिरातींवर छापलेला जुना नंबर नव्या ट्रंकवर येणार आहे का, हे टेलिफोन कंपनीकडून लेखी मिळाल्यानंतरच जुन्या लाइन बंद करण्याचा अर्ज द्यावा.